बाच्या ताटातलं

तरुलताने ताट उचललं आणि खिडकीकडे तिरकं धरून नीट पाहिलं. दीड फुलका, दुधीच्या भाजीचा ढीग आणि गूळ-तुपाच्या सुखडीची एक वडी. वडीचा कोपरा तुटला होता, पण दात लागल्याची खूण कुठे नव्हती. बोटांनीच मोडला होता, आणि मोडलेला तुकडाही तिथेच वडीला टेकून ठेवला होता. फुलक्यांचंही तसंच. वरचा तूप लावलेला अख्खा होता, खालचा अर्धा गेला होता.

"बा, पोट दुखतंय का?" तिने स्वयंपाकघरातूनच आईला विचारलं.

"नाही गं."

"मग सुखडी का ठेवलीस? कालच केलीय. दाताला लागत नाही, मऊ आहे."

"झालं माझं. भरलं पोट."

ओट्याच्या कोपऱ्यात वाळूचं घड्याळ होतं. ते खरं तर बाच्या सामायिकाचं, रोजच्या जैन ध्यानाचं, दोन घटकांचं, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचं. बा रोज तेवढा वेळ डोळे मिटून बसायची. उरलेल्या वेळात तरुलता ते उष्ट्यासाठी वापरायची. या घरात तोंड लागलेलं अन्न टाकत नसत. आणि दोन घटका उलटल्या की त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव जन्माला येतात, मग ते खाताही येत नाही आणि टाकताही येत नाही. तेव्हा काय ते वाळू संपायच्या आत. तरुलताने डावा हात नळावर टेकवला आणि उभ्या उभ्या पाच-सहा घासांत ताट रिकामं केलं. मग ताटात पाणी ओतलं, बोटाने चहूकडून फिरवलं आणि ते पिऊन टाकलं.

हात पुसून तिने फळीवरची वही काढली आणि लिहिलं: दुपार. दोन फुलके, कोरडे. मूग एक वाटी. काकडी. ताक. यातलं अक्षरही खोटं नव्हतं. साडेअकराला तिने मोजूनमापून एवढंच खाल्लं होतं. आत्ता केलं ते जेवण नव्हतं, ती आवराआवर होती.

वहीची पाळी आली ती न्हाणीघरामुळे. जेठ महिन्यात एका सकाळी बाला पाटावरून उठवताना तरुलताच खाली बसली, आणि मग दोघींपैकी कोणालाच उठता येईना. बा ब्याऐंशीची, एक्केचाळीस किलोची. तरुलता चौपन्नची, चौऱ्याऐंशीच्या वरची. दोघी वीस मिनिटं ओल्या फरशीवर एकमेकींना धरून बसल्या होत्या. शेवटी वरच्या मजल्यावरच्या दक्षाबेनने कडी वाजवली, खिडकीतून हात घालून दार काढलं आणि आधी बाला, मग तरुलताला उभं केलं. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो दिव्यासमोर धरले आणि म्हणाले, नऊ किलो उतरवा, मग ऑपरेशन करू, नाही तर मी हात लावणार नाही. ही बातमी दक्षाबेनच्या तोंडून कोइंबतूरला मोठ्या भावाकडे पोचायला संध्याकाळ लागली नाही. मोटाभाईचा फोन आला. अहमदाबादजवळ वयस्कांसाठी एक संस्था आहे, आपल्याच लोकांची, सूर्यास्ताआधी जेवण, उकळलेलं पाणी, सगळं जसंच्या तसं.

"तुझं तुलाच उठवत नाही, तरु. दिवाळीला येतो तेव्हा बघू," तो म्हणाला होता.

बघू म्हणजे काय ते तरुलताला कळत होतं. आता दिवाळीला अडीच महिनेच उरले होते.

सोमवारी ती वढवाणहून रिक्षाने सुरेंद्रनगरला गेली. तिथल्या आहारतज्ज्ञ खंजन मॅडम म्हणजे जेमतेम तिशीची मुलगी, पण काट्यावर उभं केलं की सासूसारखी बघायची. काटा चौऱ्याऐंशी चारशेवर थांबला. तीन आठवड्यांपूर्वी चौऱ्याऐंशी सहाशे होता.

"तरुलताबेन, वही खरी आहे ना?"

"खोटंच लिहायचं असतं तर काकडी कशाला लिहिली असती?"

मॅडम हसल्या नाहीत. पानं उलटत गेल्या. "आणि हे तूप कुठे गेलं? मी दोन्ही जेवणांत एक-एक चमचा लिहून दिलाय."

"मला नको तूप."

"नको म्हणजे? तुम्हाला लागतं ते."

"सवय नाही."

सवय मोडून एकवीस वर्षं झाली होती. अमरेलीत नवऱ्याने दुसरं घर केलं आणि ती एक पेटी घेऊन माहेरी आली, तेव्हा बापूजी होते, मोटाभाई आणि भाभी याच घरात होते. भाभी काही वाईट नव्हती. पण पहिल्या संध्याकाळी तुपाचं भांडं हातोहात फिरत तरुलतापर्यंत आलं तेव्हा पंगतीत कोणीच काही बोललं नाही, आणि तेवढं तिला पुरलं. मला नको, असं म्हणून तिने भांडं पुढे सरकवलं. तेव्हापासून सगळ्यांचं झाल्यावर, स्वयंपाकघरात उभ्याने, जे असेल ते. पुढे बापूजी गेले, भाऊ-भाभी कोइंबतूरला गेले, घरात दोघीच उरल्या. साड्यांच्या फॉल-बिडिंगच्या कामावर तिचं आणि बाचं बरं चाललं होतं, तुपाला कोणी ना म्हणणारं नव्हतं. पण उभ्याने जेवणं तसंच राहिलं.

"दुपारी बा जेवल्यावर काय करता?" खंजन मॅडमनी विचारलं.

"ताट आवरते."

"आवरता म्हणजे?"

तरुलताने पदर सारखा केला. "आमच्यात टाकत नाहीत."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. बाच्या ताटात काय काय उरतं ते एकेक करून विचारलं आणि बोटांवर मोजलं. "हे एक अख्खं जेवण झालं, बेन. रोजचं. तुपासकट. तुम्ही स्वतःच्या ताटात तूप घेत नाही आणि बांच्या ताटातलं..."

"ते खाणं नाही हो. ते..."

"काट्याला कुठे कळतंय?" मॅडम म्हणाल्या. "बांना कमी वाढा. एवढंच करा."

एवढंच करायचं होतं. तरुलता रिक्षात बसल्या बसल्या स्वतःवरच हसली. एवढी साधी गोष्ट आणि आपण तीन आठवडे काकड्या चिरतोय.

मंगळवारी तिने बाला तीनऐवजी दोन फुलके वाढले.

"आज हात आखडला का गं?" बा म्हणाली. "एवढी का महागाई झाली?"

"हवं तर आणखी देते ना."

"दे तर."

तिने तिसरा वाढला. ताट परत आलं तेव्हा त्यात दीड फुलका होता.

बुधवारी तिने दोनच केले आणि कणीक संपली म्हणून सांगितलं. बाने वाटीभर भात मागून घेतला. ताट परत आलं, त्यात अख्खा फुलका, तुपाचा, आणि वर भाताची मूद जशीच्या तशी. गुरुवारी सुखडी वाढलीच नाही. बाने डबा कुठे आहे ते विचारलं, दोन वड्या घेतल्या आणि एक ठेवली. तरुलताने वाळूचं घड्याळ उलटं केलं, ताटापुढे उभी राहिली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. भूक नसलेलं माणूस कमी मागतं. हे माणूस मागून घेतं आणि ठेवतं. आणि ठेवतं तेही कसं? कधी भाजीचा देठ ठेवला नाही, कधी आमटीचं पाणी ठेवलं नाही. ठेवायचं ते निवडून.

आजार म्हणावा तर तसंही नव्हतं. बाचं पोट तिच्या मुठीत होतं. दर वर्षी पर्युषणाचे उपवास संपले की बा कोणाला न सांगता आणखी सहा-सात उपवास करायची. कशाचे, म्हणून विचारलं तर "आहेत माझे काही," एवढंच म्हणायची. यंदा डॉक्टरांनी उपवासाची सक्त मनाई केली होती, आणि त्यावरून बा आठ दिवस फुगून बसली होती.

शुक्रवारी तरुलताने बाची खुर्ची हातभर सरकवली. ऊन लागतं म्हणाली. खरं म्हणजे तिथून कपाटाचा आरसा समोर येत होता, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून त्या आरशात बाचे दोन्ही हात दिसत होते. ताट पुढे आल्यावर बाने हात जोडले, नवकार मंत्र म्हटला. मग दाराकडे एकदा पाहिलं. सगळ्यात वरचा तुपाचा फुलका उचलून ताटाच्या कडेला, पलीकडच्या बाजूला ठेवला. सुखडीची वडी त्याच्यावर ठेवली. वाटीतली निम्मी भाजी काढून त्याच्याशेजारी रचली. वडीचा कोपरा मोडून, तो खाल्ल्यासारखा दिसेल अशा बेताने, बाजूला टेकवला. आणि मग जेवायला सुरुवात केली.

तरुलता उंबरा धरून उभी राहिली. तिचे कान तापले. आपली बा, जी मुंगी चिरडली तर दिवसभर रुखरुखते, ती आपल्याशी कपट करत होती. शिस्तीत, हाताला सवय असल्यासारखं.

कशासाठी? त्या दुपारी ती एका शालूला फॉल लावत बसली आणि सुई दोनदा बोटात गेली. बाला आपलं वजन उतरायला नकोय. उतरलं नाही तर ऑपरेशन नाही. ऑपरेशन नाही तर दिवाळी, आणि दिवाळीला मोटाभाई. म्हणजे बाला जायचंच आहे का? तोंडाने म्हणत नाही. मुलीला कसं सांगायचं, तुझ्या हातून आता माझं होत नाही? त्यापेक्षा तिलाच हरवायचं, म्हणजे कोणी कोणाला सोडून गेलं असं होत नाही. विचार मनात आला आणि तरुलताला स्वतःची लाज वाटली. पण आलेला विचार काही परत गेला नाही.

शनिवारी त्यात भर पडली. ती तयार साड्या दुकानात पोचवून परत आली तर पुढचं दार लोटलेलं. आत बा बोलत होती, हळू, एकेक शब्द तोडून, आणि दक्षाबेन गुडघ्यावर पाटी घेऊन कागदावर लिहीत होती. तरुलताची चप्पल वाजली तशी बा थांबली. दक्षाबेनने कागदाची चौघडी घातली. बाने ती घेतली आणि कटासण्याच्या, म्हणजे सामायिकाच्या आसनाच्या पिशवीत, तोंडापुढे धरायच्या मुहपत्तीच्या खाली सरकवली.

"काय लिहून घेतेस गं?" तरुलताने विचारलं.

"काही नाही. देवाधर्माचं."

"मला सांगायचं. मी घरातच तर असते."

"तुला साड्या असतात."

दक्षाबेन एरवी उठायचं नाव घेत नसे. चहा झाला तरी आणखी अर्धा तास, आणि गल्लीतल्या सगळ्या सुनांची हजेरी. आज ती लगेच उठली. "गॅसवर दूध ठेवलंय," म्हणाली आणि तरुलताकडे न बघता जिना चढून गेली. वरून दूध उतू गेल्याचा वास काही आला नाही.

त्याच संध्याकाळी मोटाभाईचा फोन आला. गुडघे कसे आहेत, पाऊस आहे का, हे झाल्यावर तो म्हणाला, "बा काय म्हणते? काही बोलली का तुला?"

"काय बोलायचं होतं?"

"काही नाही गं, सहज. दे तिला."

तरुलताने फोन बाच्या कानाला लावला आणि तिथेच उभी राहिली. बा म्हणाली, हो. म्हणाली, बरं. म्हणाली, ती करते रे सगळं. कुठेतरी पाणी मुरत होतं. एरवी पाच मिनिटं पुरणारं बोलणं आज एका मिनिटात आटोपलं, असं तिला वाटलं. खरं तर रोजच एका मिनिटात आटपत असे.

रविवारी संध्याकाळी जेवताना, सूर्य अजून समोरच्या गच्चीवर होता, तेव्हा तिने ताट ठेवता ठेवता विचारलंच.

"बा, तुला कोइंबतूरला जायचंय?"

"मी कशाला जाऊ? तिथलं पाणी मला मानवत नाही."

"आणि अहमदाबादला? संस्थेत?"

बाने मान वर केली. मोतीबिंदूमुळे तिची नजर नेमकी कुठे आहे ते कळत नसे. "तू पाठवतेस का?"

"मी कशाला पाठवू?"

"मग झालं तर," बा म्हणाली आणि आणखी एक फुलका मागितला. तो ताटात तसाच राहिला. तरुलताने तो उभ्याने खाल्ला, आणि प्रत्येक घासाला तिला बाचा राग आला.

सोमवारी काटा चौऱ्याऐंशी पाचशेवर होता. खंजन मॅडमनी वही मिटून परत दिली. ते जास्त लागलं.

त्या दुपारी बा जेवली, तिने हात धुतले आणि सामायिकाला बसली. खुर्चीवर कटासणं घातलं, चरवळा, लोकरीचा तो छोटा कुंचा, मांडीवर घेतला, मुहपत्ती तोंडापुढे धरली आणि मंत्र म्हणून बसली. आता अठ्ठेचाळीस मिनिटं तिला उठायचं नव्हतं, हाक मारायची नव्हती, संसाराचा एक शब्द बोलायचा नव्हता. समोर तिपाईवर वाळू पडायला लागली. स्वयंपाकघरात ओट्यावर ताट होतं. फुलका, सुखडी, निम्मी भाजी. दोघींना आज एकच घड्याळ होतं.

पिशवी तिपाईवरच होती. तरुलताने दारातून पाहिलं. बाचे डोळे मिटलेले होते. तिने दोन बोटं घालून कागद काढला आणि खिडकीशी जाऊन उघडला. मोटाभाईला लिहिलेलं पत्र असणार, याची तिला एवढी खात्री होती की वरची ओळ तिने दोनदा वाचली. पूज्य महाराजसाहेबांच्या चरणी. जासुदबेन यांची या वर्षाची आलोचना. जासुदबेन म्हणजे बाच.

आलोचना म्हणजे वर्षभरातल्या चुकांची यादी. पर्युषणाच्या सुमारास ती गुरूंना द्यायची, ते प्रायश्चित्त देतात. ती गुरूशिवाय कोणी वाचायची नसते. बा इतकी वर्षं स्वतःच लिहायची, यंदा डोळ्यांनी दगा दिला. तरुलताने कागद मिटला. मग पुन्हा उघडला. आता एवढं केलंच आहे तर, असं चोर म्हणतो तसं ती मनात म्हणाली.

दक्षाबेनचं अक्षर गचाळ होतं.

पाणी एकदा न गाळता वापरलं. सुनेबद्दल मनात वाईट आणलं आणि फोनवर गोड बोलले. सामायिकात तीनदा डुलकी लागली. डॉक्टरांवर रागावले.

त्यानंतरचं मोठं होतं.

मागच्या सर्व वर्षांप्रमाणे, जेवणात कपट केलं. भूक नसताना वाढून घेतलं आणि जाणूनबुजून ताटात ठेवलं. दोन्ही वेळा. या दोषाला एकवीस वर्षं झाली. मुलगी स्वतःच्या हाताने स्वतःला काही चांगलं वाढून घेत नाही. टाकता येत नाही म्हणून ताटातलं तेवढं खाते. मी तोंड लावायच्या आधी तिचं बाजूला काढते. आता डॉक्टरांनी तिला वजन उतरवायला सांगितलंय. मला समजतं. तरी हात थांबत नाही. कमी वाढलं तर मागून घेते. या दोषाचं जे प्रायश्चित्त असेल ते द्यावं. यंदा उपवास करू देत नाहीत, दुसरं काही द्यावं. पण ताटात न ठेवण्याचा नियम मात्र देऊ नये. माझ्याकडून पाळला जाणार नाही.

खाली बाचा अंगठा होता. तिला सही करता येत होती, पण ओळ दिसत नव्हती.

तरुलताला आधी संताप आला. चौपन्न वर्षांच्या बाईला कोणीतरी पाळण्यातल्या पोरासारखं फसवून भरवत होतं, आणि ती समजत होती की आपण कोणाचं काही घेत नाही. त्या सहा-सात उपवासांचं कोडं उलगडलं तसा संताप तिला धरून ठेवता आला नाही. दर वर्षी पर्युषणानंतर बा भिंतीला टेकून बसलेली, ओठ सुकलेले, आणि आपण तिला म्हणायचो, हे कसलं खूळ. तिचे डोळे भरून आले. पदराचं टोक तोंडात धरून ती खिडकीशी उभी राहिली, आवाज होऊ नये म्हणून.

वळली तेव्हा बाचे डोळे उघडे होते. ती तरुलताच्या हातातल्या पांढऱ्या कागदाकडे बघत होती. तेवढं तिला दिसत असावं. मुहपत्ती तोंडापुढेच होती. ती उठू शकत नव्हती, ओरडू शकत नव्हती. चरवळ्यावरची बोटं मात्र हलली. मग तिने डोळे पुन्हा मिटले.

अर्ध्याहून जास्त वाळू खाली गेली होती. तरुलता स्वयंपाकघरात गेली आणि ताट घेऊन बाहेर आली. बाच्या समोरची, साड्यांच्या गठ्ठ्यांची खुर्ची तिने रिकामी केली. गठ्ठे जमिनीवर ठेवले. बसली. गुडघे कुरकुरले. ताट मांडीवर घेऊन तिने तो फुलका, ती सुखडी, ती भाजी हळूहळू, एकेक घास चावून खाल्ली. सुखडीत गूळ जरा जास्त झाला होता. एवढ्या दिवसांत हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. शेवटचा घास गिळला तेव्हा वाळू थोडी शिल्लक होती. तिने वही मागितल्यासारखा हात फळीकडे नेला, मग स्वतःच उठली, वही आणली आणि लिहिलं: दुपार. बाच्या ताटातला एक फुलका, तुपाचा. सुखडी एक. भाजी अर्धी वाटी.

वाळू संपली. बाने मंत्र म्हणून सामायिक सोडलं, चरवळा बाजूला ठेवला आणि कटासण्याची घडी नीट, कोपऱ्याला कोपरा लावून घातली.

"दुसऱ्याची आलोचना वाचायची नसते," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग तुझी वेगळी लिही. त्यात हे पहिलं घाल."

"दक्षाबेनला बोलावू लिहायला?"

"नको. तिचं अक्षर महाराजसाहेबांना लागत नाही. गेल्या वर्षी तिच्या स्वतःच्या यादीत पाच उपवास जास्त आले." बाने हात पुढे केला. तरुलताने कागद तिच्या हातात दिला. बाने तो चाचपून चौघडी घातली आणि पिशवीत ठेवला. तरुलता साड्यांचे गठ्ठे उचलायला वाकली आणि बा म्हणाली, राहू दे ती खुर्ची तिथेच.

संध्याकाळी साडेसहाला ऊन समोरच्या गच्चीच्या कठड्यावर आलं, तेव्हा तरुलताने दोन ताटं काढली. दोन्हीही एकसारखी घासली होती, पण एकाचा वापर नसल्यामुळे त्याला फळीचा वास येत होता. तिने ते पुन्हा धुतलं. बाच्या ताटात दीड फुलका, घोसाळ्याची भाजी, कढी वाढली. आपल्या ताटात दोन फुलके. तुपाचं भांडं मध्ये ठेवलं.

"अजून एक वाढ," बा सवयीने म्हणाली.

"भूक आहे?"

बाने विचार केला. खूप वेळ केला. "नाही," ती म्हणाली.

तिने हात जोडले, नवकार म्हटला. मग तिची बोटं वरच्या फुलक्याकडे गेली, त्याची कड धरली आणि तिथेच थांबली. तरुलताने आपल्यासमोरचा चमचा उचलला, भांड्यात बुडवला आणि स्वतःच्या फुलक्यावर तूप घातलं. हात थोडा चुकला. तूप कडेने ताटात ओघळलं. तिने ते फुलक्याच्या तुकड्याने पुसून घेतलं.

"एवढंच?" बाने विचारलं.

"एवढंच लिहून दिलंय."

"त्या पोरीने?"

"हो."

बाला ते पटलं नाही. ती आपला घास हातात घेऊन बसून राहिली, तरुलताच्या ताटावर झुकून, मोतीबिंदूतून जेवढं दिसेल तेवढं बघत. तरुलताने पहिला फुलका संपवला. दुसरा घेतला. बाने मग एक घास खाल्ला, आणि पुन्हा बघितलं. अशी ती जेवली, घासागणिक पहारा ठेवून, आणि तिच्या ताटात भाजीचा एक तुकडाही राहिला नाही. शेवटी तिने तांब्यातलं पाणी ताटात ओतलं, बोटाने कडेकडेने फिरवलं आणि दोन्ही हातांनी ताट उचलून पिऊन टाकलं. एकवीस वर्षांत तरुलताने तिला असं करताना पाहिलं नव्हतं.

तरुलतानेही आपलं ताट धुतलं आणि पाणी प्यायलं. ती उठू लागली तसं बाने हात पुढे करून तिचं ताट आपल्याकडे ओढलं. ते उचललं, खिडकीकडे, राहिलेल्या उजेडात तिरकं धरलं, आणि नीट पाहिलं.